मूल कुणापाशी बोलतं?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, आणि त्या वर्षी सगळ्या राज्यांत हा आकडा सर्वांत मोठा होता. हे फक्त पोलिसांच्या नोंदीत आलेले मृत्यू. 'अपघात' म्हणून मिटवलेले यात धरलेले नाहीत.

१० सप्टेंबर हा जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन. तो जवळ आला की शाळांमध्ये व्याख्यानं होतात. चारशे मुलं सभागृहात मांडी घालून बसतात, पाहुणे डॉक्टर पाऊण तास बोलतात, आभारप्रदर्शन होतं आणि मुलं वर्गात परत जातात. हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण ज्या कार्यक्रमांची नीट चाचणी होऊन काही उपयोग दिसला, त्यांचं रूप असं नव्हतं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले मोठे अभ्यास ओळीने वाचले तर ते फिरून फिरून एकाच जागी येतात: आतून खचत चाललेलं मूल कुणापाशी बोलतं, आणि ते बोलल्यावर पुढच्या तासाभरात काय होतं.

आधी एक अडचण सांगायला हवी, कारण ती कळली नाही तर पुढचे आकडे फसवे वाटतील. आत्महत्या ही प्रत्येक घराला हादरवणारी घटना असली तरी संख्याशास्त्राच्या दृष्टीने ती विरळ आहे. समजा, एक लाख किशोरवयीनांमागे वर्षाला दहा मृत्यू होतात आणि एखाद्या कार्यक्रमाने ते निम्म्यावर येतात. हा फरक खरोखर असेल तर तो अभ्यासात सापडण्याची शक्यता निदान ऐंशी टक्के असावी, एवढी माफक अपेक्षा ठेवली, तरी प्रत्येक गटात सुमारे ४ लाख ७० हजार मुलं लागतात. शिवाय शाळांमध्ये अख्ख्या शाळेलाच कार्यक्रम द्यावा लागतो आणि एकाच शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात. दर शाळेत साठ मुलं आणि अगदी थोडं साम्य धरलं तरी गरज दीडपटीच्या वर जाते, म्हणजे एका गटात साडेसात लाखांच्या आसपास. एवढा अभ्यास कुणालाच परवडत नाही. म्हणून संशोधक मृत्यूऐवजी प्रयत्न, तीव्र विचार, नैराश्याची लक्षणं किंवा मदत मागण्याचं प्रमाण मोजतात, आणि तेही बहुधा मुलांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवरून. 'आमच्या कार्यक्रमाने आत्महत्या इतक्या टक्क्यांनी घटल्या' असं एखादी संस्था शाळेला सांगत असेल, तर नक्की काय मोजलं हे पहिल्यांदा विचारा. 'मुलांचं ज्ञान वाढलं' असं उत्तर आलं तर त्यावरून फारसं काही ठरत नाही. ज्ञान जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाने वाढतं.

या विषयातला सर्वांत भक्कम अभ्यास युरोपातला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या दानुता वासरमन यांच्या नेतृत्वाखाली दहा देशांतल्या १६८ शाळा आणि ११,११० विद्यार्थी त्यात होते. वय साधारण पंधरा, म्हणजे आपल्याकडची नववी-दहावी. निष्कर्ष २०१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. शाळांचे चार गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले होते. पहिल्यात शिक्षकांना धोक्याची लक्षणं ओळखायला शिकवलं. दुसऱ्यात 'याम' नावाचा कार्यक्रम थेट मुलांसोबत घेतला. तिसऱ्यात प्रश्नावलीतून जोखमीची मुलं शोधून त्यांना तज्ज्ञाकडे बोलावलं. चौथ्या गटातल्या वर्गांत फक्त भित्तिपत्रकं लावली.

तीन महिन्यांनी कुठल्याच गटात लक्षणीय फरक नव्हता. बारा महिन्यांनी 'याम'च्या गटात नव्याने प्रयत्न केल्याचं सांगणारी मुलं ०.७० टक्के होती आणि भित्तिपत्रकांच्या गटात १.५१ टक्के. दर हजार मुलांमागे सुमारे आठ प्रयत्न कमी. तीव्र विचारांचं प्रमाणही निम्म्याजवळ आलं. शिक्षक-प्रशिक्षण आणि चाळणी (प्रश्नावलीतून जोखमीची मुलं शोधणं) या दोन्ही गटांत असा फरक दिसला नाही. अभ्यासाच्या काळात एकही मृत्यू झाला नाही, त्यामुळे मृत्यूंबद्दल हा अभ्यास काहीच सांगू शकत नाही.

या निकालाची एक मर्यादा बहुतेक बातम्यांमधून गळून जाते. ज्यांनी पूर्वी कधी प्रयत्न केला होता, किंवा ज्यांच्या मनात सुरुवातीलाच तीव्र विचार होते, अशा मुलांना मुख्य विश्लेषणातून बाजूला ठेवलं होतं. म्हणजे जी मुलं अजून त्या टोकाला गेलेली नाहीत, त्यांना तिथवर जाण्यापासून अडवायला हा कार्यक्रम उपयोगी दिसला. आधीच टोकावर उभ्या असलेल्या मुलासाठी तो पुरेसा आहे, असं यातून निघत नाही. त्या मुलाला उपचार लागतात.

आता 'याम'मध्ये असतं काय? चार आठवड्यांत मिळून पाच तास. त्यातले तीन तास मुलं प्रसंग उभे करून वठवतात: घरातलं भांडण, मैत्रीत पडलेली फूट, एखाद्या मित्राचं गप्प होणं, 'कुणाला सांगू नकोस' म्हणून सांगितलेलं गुपित. उरलेल्या वेळात दोन संवादी सत्रं. सोबत ३२ पानांची पुस्तिका, जी मूल घरी नेतं, आणि वर्गात सहा भित्तिपत्रकं. प्रशिक्षक शाळेबाहेरचे असतात आणि त्यांना ठराविक प्रशिक्षण घ्यावं लागतं. ही भित्तिपत्रकं चौथ्या गटातल्या वर्गांतही होती, तेव्हा फरक पडला तो मुलांनी स्वतः बोलण्याने आणि वठवण्याने, असं मानायला जागा आहे. यात मुलांना उपदेश नसतो. ती एकमेकांकडून शिकतात की असं वाटणारे आपण एकटे नाही, आणि मित्राचं गुपित मोठ्या माणसापर्यंत नेणं ही फितुरी नव्हे.

आपल्याकडच्या वर्गात हे करताना सर्वांत आधी पटसंख्या आडवी येते. पासष्ट मुलांच्या तुकडीत प्रसंग वठवायला घेतले की आठ मुलं पुढे येतात, बाकीची टाळ्या वाजवतात, आणि जे मूल खरं अडचणीत आहे ते मागच्या बाकावर खाली मान घालून बसतं. तुकडीचे दोन भाग करा आणि एका भागात तीसच्या वर मुलं घेऊ नका. दुसरी अडचण वेळापत्रकाची. पाच तासिका एकाच दिवशी उरकल्या की दोन सत्रांमधला काळ नाहीसा होतो आणि तो काळच महत्त्वाचा आहे, कारण मुलं ऐकलेलं मित्रांशी बोलतात, घरी जाऊन विचार करतात आणि पुढच्या आठवड्यात खरा प्रश्न घेऊन येतात. तिसरी गोष्ट म्हणजे सत्र चालू असताना वर्गाच्या दारात उभे राहणारे पर्यवेक्षक. त्यांच्यासमोर मुलं फक्त शहाणी उत्तरं देतात. भारतात गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने हा कार्यक्रम शाळांमध्ये नेला, तोही गावपातळीवरच्या इतर उपायांच्या जोडीने. आपल्या भागात काही करू पाहणाऱ्यांनी तिथल्या कामाकडे लक्ष ठेवावं.

अमेरिकेतल्या 'साइन्स ऑफ सुइसाइड' या कार्यक्रमाचंही नाव बऱ्याचदा घेतलं जातं. २००४ मध्ये आलेल्या अभ्यासात पाच शाळांतली २,१०० मुलं होती. तीन महिन्यांत प्रयत्न केल्याचं प्रमाण कार्यक्रम न मिळालेल्यांत ५.४ टक्के आणि मिळालेल्यांत ३.६ टक्के निघालं. आकडा आशा देणारा आहे, पण सुरुवातीची मोजणीच केलेली नव्हती आणि तीन महिने हा फार थोडा काळ आहे. मी तो दुय्यम पुरावा मानतो.

शिक्षकांना प्रशिक्षण देऊन काम का भागलं नाही, याचं उत्तर अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या एका जिल्ह्यात मिळतं. पीटर वायमन आणि सहकाऱ्यांनी ३२ शाळांत शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची चाचणी घेतली आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. वर्षभरानंतर शिक्षकांचं ज्ञान वाढलेलं होतं, आत्मविश्वासही वाढला होता. पण मुलांना प्रत्यक्ष विचारण्याचं प्रमाण फक्त त्या मोजक्या शिक्षकांत वाढलं, जे आधीपासूनच मुलांशी मोकळेपणाने बोलत होते. त्याच अभ्यासात मुलांनाही प्रश्न विचारले होते. ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, ती मुलं शाळेतल्या मोठ्यांकडे जायला इतरांपेक्षा कमी तयार होती. थोडक्यात, सगळ्यांत जास्त गरज असलेलं मूल सगळ्यांत कमी बोलतं. शिक्षकाने नुसती लक्षणं पाठ करून ते मूल त्याच्याकडे येत नाही.

म्हणून पन्नास शिक्षकांना दोन तासांचं सरसकट प्रशिक्षण देण्यापेक्षा मुलं ज्यांच्याकडे आपण होऊन जातात अशी पाच-सहा माणसं हेरून त्यांना सखोल तयार करणं मला जास्त पटतं. ही माणसं शिक्षकच असतील असं नाही. खेळाचे सर, ग्रंथपाल बाई, प्रयोगशाळेतले दादा, खिचडी शिजवणाऱ्या ताई, बसमधल्या मावशी. कोणतं मूल तीन दिवस डबा न खाता परत नेतंय, हे मावशींना वर्गशिक्षकांच्या आधी कळतं.

मग प्रश्नावली देऊन जोखमीची मुलं शोधली तर? ऐकायला हा उपाय सर्वांत शास्त्रीय वाटतो. हिशोब करून बघा. पाचशे मुलांची शाळा, त्यात खरोखर धोक्यात असलेली पंधरा. चाळणी अशी, की धोक्यातल्या शंभरांपैकी पंचाहत्तर पकडते आणि धोका नसलेल्या शंभरांपैकी त्र्याऐंशी बरोबर सोडते. नामांकित शालेय चाळण्यांची कामगिरी साधारण याच पातळीची आहे. पंधरांपैकी अकरा सापडतील, चार निसटतील. उरलेल्या ४८५ पैकी ८२ मुलं उगाच जाळ्यात येतील. म्हणजे ९३ मुलांशी एकेकट्याने बोलायचं, तेव्हा त्यातली अकरा हाती लागणार. दर मुलाला पाऊण तास धरला तर सत्तर तास. दिवसाला चार मुलं बघणाऱ्या एका समुपदेशकाला कामाचे तेवीस-चोवीस दिवस. या काळात ती अकरा मुलं रांगेतच असतात. युरोपच्या अभ्यासात तर तज्ज्ञ तयार होते, वेळ दिलेली होती, तरी बोलावलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं भेटायलाच आली नाहीत. अनोळखी माणसाकडे, नाव पुकारल्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कोण जाईल?

प्रश्नावली घ्यायचीच असेल तर दोन अटी माझ्या मते सोडता येणार नाहीत. एका दिवशी एकाच तुकडीची घ्या, आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे कागद वाचून गंभीर उत्तर देणाऱ्या मुलाला भेटा. शुक्रवारी दुपारी प्रश्नावली भरून घेऊन ती सोमवारी उघडणं धोक्याचं आहे. 'मला जगावंसं वाटत नाही' असं लिहून दिलेलं मूल दोन दिवस कुणीतरी येण्याची वाट बघतं.

इथे पालकसभेत हमखास येणारा प्रश्न: असं विचारल्याने मुलांच्या डोक्यात नको ते भरणार नाही ना? हे तपासून झालं आहे. मॅडेलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत २,३४२ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना पहिल्या प्रश्नावलीत आत्महत्येविषयी थेट विचारलं, निम्म्यांना नाही. दोन दिवसांनी पाहिलं तर विचारलेल्यांची अस्वस्थता वाढलेली नव्हती, त्यांच्यात विचारही जास्त नव्हते. विचारलेल्यांपैकी नैराश्य असलेली मुलं उलट थोडी कमी व्यथित होती आणि पूर्वी प्रयत्न केलेल्या मुलांत असे विचार थोडे कमी होते. तेव्हा विचारायला घाबरू नका. पण एका मुलाशी शांतपणे बोलणं वेगळं आणि चारशे मुलांच्या सभागृहात मृत्यूंचे तपशील सांगणं वेगळं. न्यू जर्सीतल्या सुरुवातीच्या जागृती-कार्यक्रमांवर डेव्हिड शॅफर यांनी १९९० मध्ये दाखवलं होतं की पूर्वी प्रयत्न केलेल्या मुलांना ते कार्यक्रम इतरांपेक्षा जास्त नकोसे वाटले. तुमच्या सभागृहातही अशी मुलं बसलेली असतात. कुणी कसा जीव दिला, चिठ्ठीत काय लिहिलं, असली वर्णनं, फोटो, करुण शेवटाची पथनाट्यं शाळेत आणूच नयेत.

भारतातलं काम म्हणाल तर माझ्या नजरेत सर्वांत मोलाचं काम गोव्याच्या 'संगाथ' संस्थेचं, बिहारच्या नालंदा जिल्ह्यातलं. 'सेहेर' नावाचा हा कार्यक्रम आत्महत्या मोजत नव्हता. शाळेतलं वातावरण, नैराश्य, दादागिरी आणि हिंसा या गोष्टी तो मोजत होता. ७४ सरकारी शाळांमधले निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. उपक्रम तेच, पण राबवणारे वेगळे: काही शाळांत त्यासाठीच नेमलेला आणि प्रशिक्षण दिलेला माणूस, जो मानसोपचाराचा पदवीधर नव्हता, आणि काही शाळांत तिथलाच शिक्षक. उपक्रम साधे होते. मनातलं लिहून टाकायची पेटी, भित्तिपत्रक, महिन्याची स्पर्धा, मुलांचे गट, गरज असलेल्या मुलाशी एकट्याने बोलणं. आठ महिन्यांनी नेमलेल्या माणसाच्या शाळांत चारही गोष्टी स्पष्टपणे सुधारल्या आणि सतरा महिन्यांनी फरक आणखी वाढला. शिक्षकांनी राबवलेल्या शाळांत परिणाम दिसला नाही.

हे वाचून शिक्षकांना नावं ठेवू नयेत. ज्याच्या हातात गुण आहेत, शिक्षा आहे आणि पालकांना बोलावण्याचा अधिकार आहे, त्याच्यापाशी मूल सहज मन मोकळं करत नाही. त्यात जनगणना, निवडणूक, पोषण आहाराचा हिशोब आणि ऑनलाइन माहिती भरणं हे सगळं शिक्षकाच्याच माथी असतं. मनाचं काम एका वेगळ्या माणसाकडे असावं, एवढंच हा अभ्यास सांगतो. आणि त्या माणसाकडे मोठी पदवी असायलाच हवी असं नाही, याचा मला विशेष दिलासा वाटतो. जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतके मानसोपचारतज्ज्ञ असले तरी प्रशिक्षित तरुण-तरुणी मिळू शकतात. पेटीबद्दल मात्र एक सूचना. आपल्या शाळांमध्ये तक्रारपेट्या सरकारी आदेशाने लागल्याच आहेत, पण बऱ्याच मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर, शिपाईकाकांच्या स्टुलासमोर. तिथे कोण चिठ्ठी टाकणार? ती जिन्याच्या वळणावर लावा, रोज उघडा, आणि आलेल्या निनावी प्रश्नांना आठवड्यातून एकदा फळ्यावर किंवा परिपाठात उत्तर द्या. पेटी वाचली जाते हे कळलं की चिठ्ठ्या वाढतात.

अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या संशोधक शेरिल किंग यांचा एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. गंभीर धोक्यामुळे रुग्णालयात दाखल झालेली ४४८ मुलं-मुली. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांशिवाय आणखी एक गोष्ट दिली: आपल्याला आधार देतील अशा मोठ्या माणसांची नावं त्यांनी स्वतः सांगायची. मावशी, प्रशिक्षक, शेजारी, शिक्षक, कुणीही. त्या माणसांना एकदा बसवून मुलाची स्थिती, उपचार आणि कसं बोलावं हे समजावलं आणि मग तीन महिने दर आठवड्याला फोन करून साथ दिली. २००९ मध्ये आलेले पहिले निकाल बेताचेच होते. विचारांमध्ये थोडा फरक, तोही फार टिकला नाही. नंतर अकरा ते चौदा वर्षांनी मृत्यूच्या नोंदी तपासल्या. नेहमीच्या उपचारांच्या गटात तेरा मृत्यू, नावं सांगितलेल्या गटात दोन. सर्व कारणांनी झालेले मृत्यू यात धरले आहेत, संख्या लहान आहे, हे विश्लेषण नंतर केलेलं आहे, आणि यावर डोळे झाकून इमारत उभारू नये. तरीही बाकीच्या अभ्यासांशेजारी ठेवलं की अर्थ लागतो. माणूस मुलाने निवडलेला होता.

शाळेला यातून लगेच करता येईल असं काही आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. प्रत्येक मुलाला एक कोरा कागद द्या. 'खूप त्रास झाला तर शाळेतल्या कुठल्या मोठ्या माणसाला सांगशील? दोन नावं लिही. कुणीच नसेल तर कुणी नाही असं लिही.' मुलाचं नाव हवं, पण कागद घडी घालून थेट एकाच जबाबदार व्यक्तीकडे जावा, वर्गशिक्षकांकडे नको. ही यादी शिक्षकांच्या लोकप्रियतेची स्पर्धा होऊ देऊ नका, कुणाला किती मतं मिळाली हे कुणालाही सांगू नका. आपल्याला बघायचे आहेत ते 'कुणी नाही' लिहिलेले कागद. अशा प्रत्येक मुलामागे एक मोठा माणूस ठरवा, ज्याने आठवड्यातून दोनदा कारण नसताना दोन मिनिटं बोलायचं. अभ्यासाबद्दल बोलायचं नाही. दर सहा महिन्यांनी कागद पुन्हा घ्या, कारण बाई बदलून जातात, सर निवृत्त होतात आणि मूल पुन्हा एकटं पडतं.

आणि मूल बोललं तर? हा भाग कार्यक्रमाच्या आधी तयार हवा, नंतर नाही. बसा, त्याच्या शेजारी, टेबलापलीकडे नको. सरळ विचारा: 'जगूच नये असं वाटतं का? जीव द्यायचा विचार मनात येतो का? कधी करायचं, कसं करायचं हे ठरवलंयस का? पूर्वी कधी काही केलं होतंस?' ठरवलं असेल, साधन हाताशी असेल किंवा पूर्वी प्रयत्न झाला असेल, तर मुलाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, स्वच्छतागृहातसुद्धा कुणीतरी दाराशी हवं, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. 'असं नसतं रे बोलायचं', 'आईबाबांचा विचार कर', 'एवढ्याशा गोष्टीवरून?' ही तीन वाक्यं बोलणं तिथेच बंद पाडतात. 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका. 'तुला जपायला लागेल तेवढंच, लागतील तेवढ्याच माणसांना सांगेन, आणि आधी तुला सांगून' असं म्हणा आणि तसंच वागा. शिक्षकखोलीत चर्चा झाली की ते मूल पुन्हा कधी तोंड उघडत नाही, आणि ते पाहून दुसरी मुलंही गप्प होतात.

पालकांना फोन करताना शब्द आधी ठरवून ठेवलेले बरे. 'तुमची मुलगी आज मोकळेपणाने बोलली, हे चांगलं झालं. तिला जगणं नकोसं वाटतंय असं ती म्हणाली. आत्ता ती माझ्याजवळ सुखरूप आहे. तुम्ही दोघंही या. फोनवर तिला काही विचारू नका, रागवू नका.' भेटीत घरातली औषधं, कीटकनाशकं आणि धोक्याच्या इतर वस्तू काही काळ घराबाहेर, नातेवाइकांकडे ठेवायला सांगा आणि दोन दिवसांनी ते झालं का हे विचारा. घरातच मारहाण किंवा लैंगिक अत्याचार होत असेल तर सरळ घरी फोन करणं घातक ठरेल. अशा वेळी चाइल्डलाइन १०९८. लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे, त्यात शाळेच्या इभ्रतीचा विचार चालत नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल 'पोलिस केस होईल' म्हणून दडपणारे अजूनही भेटतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिलं आहे.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. तो फळ्यावर लिहिण्याआधी स्वतः लावून बघा, म्हणजे पलीकडून काय विचारतात हे मुलांना सांगता येईल. तालुक्याच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, नसतील तर जिल्हा रुग्णालयाचा विभाग किती वाजेपर्यंत उघडा असतो, गाडी कुणाची न्यायची, हे एका कागदावर लिहून चार जणांच्या खिशात ठेवा. हे वाचणाऱ्या कुणाच्या स्वतःच्या मनात असे विचार असतील, तर तोच क्रमांक तुमच्यासाठीही आहे. आज लावा, आणि जवळच्या एका माणसाला सांगा. हे विचार ओसरतात, उपचारांनी बरं वाटतं.

वर्गाबाहेरचेही उपाय आहेत. परीक्षेतल्या अपयशाची धार कमी करणं हा त्यातला एक. तमिळनाडूने नापास विद्यार्थ्यांना महिन्याभरात फेरपरीक्षा देऊन वर्ष वाचवायची सोय केली. चेन्नईच्या लक्ष्मी विजयकुमार यांनी अनेक वर्षं या सोयीचा पाठपुरावा आणि अभ्यास केला आहे. महाराष्ट्रातही २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा ऑक्टोबरऐवजी जुलैत होऊ लागली. पण निकालाच्या सकाळी ही सोय किती मुलांना ठाऊक असते? निकालाच्या आठ दिवस आधी प्रत्येक घरी एक चिठ्ठी जावी: फेरपरीक्षेच्या तारखा, दोन विषय राहिले तरी अकरावीत जाण्याची सोय, शाळेतल्या दोन माणसांचे फोन. आणि निकालाच्या दिवशी ज्यांचा निकाल चांगला नाही त्यांना शाळेने आपण होऊन फोन करावा. टक्के मिळवलेल्यांचे फलक संध्याकाळी लागले तरी चालतात.

एखाद्या शाळेत मृत्यू घडलाच, तर इतर मुलांना धोका वाढतो, हे कॅनडातल्या २२,०६४ मुलांच्या माहितीवरून २०१३ मध्ये दिसलं. गेलेल्या मुलाशी ओळख नसली तरी परिणाम होतो आणि तो दोन वर्षांपर्यंत टिकू शकतो. बातमी ध्वनिक्षेपकावरून सांगू नका. प्रत्येक वर्गात, ओळखीच्या माणसाने, थोडक्या शब्दांत सांगावी. पद्धत सांगू नये, एकच कारण चिकटवू नये, 'आता तो सुटला' असं म्हणू नये. फाटकावर मोठा फलक लावू नये. जवळचे मित्र, शेवटचं बोललेले, भावंडं आणि पूर्वी प्रयत्न केलेली मुलं यांना त्याच दिवशी एकेकट्याने भेटावं. रिकामा बाक लगेच उचलूही नये आणि वर्षभर तसाच ठेवूही नये. काही दिवसांनी मुलांशी बोलून बसण्याची रचना बदलावी.

सर्वांत दुर्लक्षित राहतं ते प्रयत्नानंतर शाळेत परत आलेलं मूल. रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत जोखमीचे असतात, आणि नेमक्या त्याच वेळी आपण म्हणतो, 'आता बरी आहे, विषय नको.' शाळेत येण्याच्या आदल्या दिवशी त्या मुलीला आणि पालकांना बोलवा. मैत्रिणींनी विचारलं तर काय सांगायचं हे तिला ठरवू द्या: 'आजारी होते' एवढंही पुरे. वर्गातून न विचारता उठून जाता येईल अशी एक जागा आणि तिथला एक माणूस, तिनेच निवडलेला. बुडालेल्या चाचण्या माफ किंवा पुढे ढकललेल्या, आणि हे लेखी, म्हणजे प्रत्येक सरांना तिला वेगळं समजावत बसावं लागणार नाही. गोळ्या चालू असतील तर पहिल्या तासाला झोप येईल, त्यावरून ओरडा नको. पहिल्या आठवड्यात रोज, पुढे तीन महिने दर आठवड्याला एकदा भेट, वहीत तारीख लिहून. ती गैरहजर राहिली तर पहिल्या तासाच्या आत घरी फोन.